चार आणे फरक : लक्षणमापनाच्या विश्वसनीयतेविषयी प्रस्तावना

सकाळची फेरी चालू असते. परिचारिका खाटेशी थांबून विचारते, "आजोबा, आज दुखणं किती आहे? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही." आजोबा थोडा विचार करतात आणि सांगतात, "सिस्टर, कालच्यापेक्षा रुपयात चार आणे फरक आहे."

उत्तर चोख आहे. आजोबांनी आयुष्यभर औषधाचा गुण असाच सांगितला आहे आणि गावच्या डॉक्टरांना तो असाच कळला आहे. पण परिचारिकेच्या हातातल्या पत्रकावर एक रिकामी चौकट आहे आणि तिच्यात शून्य ते दहामधला एक आकडा हवा आहे. काल सात लिहिला होता. सातातला पाव गेला तर सव्वापाच उरतात. मग पाच लिहावेत की सहा? की रात्री दोन-तीन तास सलग डोळा लागला, एवढेच आजोबांना सांगायचे आहे? शेजारी मुलगा उभा आहे, म्हणून त्यांनी फरक थोडा वाढवून सांगितला असेल का? आणि हाच प्रश्न दुपारी दुसऱ्या कोणी विचारला तर आकडा तोच येईल का?

त्या चौकटीपाशी पेन घेऊन घुटमळणाऱ्या प्रत्येकासाठी ही प्रस्तावना आहे. लक्षणे मोजण्याच्या साधनांवर किती विसंबावे, हा प्रश्न वरवर संख्याशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो खाटेशेजारी जन्मतो आणि त्याचे उत्तरही तिथेच वापरायचे असते. परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी, समाजसेवक, घरी जाऊन शुश्रूषा करणारे स्वयंसेवक, आणि आईवडिलांच्या आजारपणात वहीत नोंदी ठेवणारी मुले-सुना, या सगळ्यांना या विषयात जागा आहे. गणिताची भीती दारातच ठेवून आत यावे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक शुश्रूषा, ही गंभीर आजारातला त्रास हलका करणारी शाखा. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले आणि दुखण्याला शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा अशी अनेक अंगे असतात, असा आग्रह धरला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. १९९३ साली कालिकतला लोकसहभागातून वेदनाशमनाचे काम सुरू झाले, आणि १९९७ पासून पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र चालू आहे. या सगळ्या ठिकाणी उपचाराची दिशा ठरते ती रुग्णाला काय होते आहे, त्यावरून.

अडचण इथूनच सुरू होते. रक्तातली साखर प्रयोगशाळा सांगते, ताप थर्मामीटर सांगतो. थकव्याचा एक्स-रे निघत नाही. मळमळ रक्ताच्या थेंबात सापडत नाही. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९७ दाखवत असते आणि त्याच वेळी रुग्ण धापेने उशीला टेकून बसलेला असतो. त्या आकड्याने त्याची धाप खोटी ठरत नाही. लक्षण म्हणजे ज्याचे त्याला जाणवणारी गोष्ट. तिथे पोचायचा रस्ता एकच : विचारणे आणि ऐकणे. म्हणून या क्षेत्रातली साधने कागदाची असतात, आणि त्या कागदावरचे शब्द हेच त्यांचे यंत्र.

असे सर्वांत परिचित साधन कॅनडातल्या एडमंटन शहरात तयार झाले. एदुआर्दो ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९१ साली प्रसिद्ध केले, आणि शहराच्या नावावरून ते एडमंटन लक्षण मूल्यमापन पद्धती म्हणून ओळखले जाते. दुखणे, हालचाल, मळमळ, उदासी, चिंता, गुंगी, भूक आणि एकूण बरे वाटणे अशा आठ रेघा, प्रत्येक रेघ शंभर मिलिमीटरची. रुग्णाने रेघेवर खूण करायची, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला. खुणांचा आलेख कागदावर उमटत जायचा आणि एका पानावर एकवीस दिवस मावायचे. श्वास लागण्याची रेघ नंतर आली, आणि मिलिमीटरच्या जागी शून्य ते दहा हे आकडे आले. थकलेल्या माणसाला पानेच्या पाने भरायला लावू नयेत, हा त्यामागचा कनवाळू विचार होता. आज जगभरातल्या वॉर्डांमध्ये या पद्धतीची रूपे वापरात आहेत.

त्या पहिल्याच लेखात दोन आकडे आहेत. या विषयात शिरणाऱ्याने ते मनावर कोरून ठेवावेत. ओळीने दाखल झालेल्या १०१ रुग्णांपैकी ८४ टक्के रुग्णांनी मुक्कामात कधी ना कधी स्वतः खूण केली होती. पण मृत्यूच्या आधीच्या काळात ८३ टक्के नोंदी परिचारिकेने किंवा नातेवाइकाने केलेल्या होत्या. म्हणजे आजार जसा अखेरीकडे सरकतो, तसा मोजणारा हात बदलत जातो. आलेखाची रेघ अखंड दिसते, पण तिची एक बाजू रुग्णाने काढलेली असते आणि दुसरी त्याच्याकडे बघणाऱ्याने. विश्वसनीयतेचा प्रश्न असा साधनाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

आता नेमके शब्द. शिक्षणशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत दोन संज्ञा रूढ आहेत : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. परिस्थिती बदलली नसेल तर मापनही बदलू नये, ही विश्वसनीयता. जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. दोन्हींतला फरक आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात दिसतो. मुलासमोर आईला विचारा, ती म्हणते, "काही नाही, बरं आहे." सुनेसमोर विचारा, "बरं आहे." डॉक्टरांनी विचारले, तरी "बरं आहे." तीन वेळा, तीन माणसांनी विचारून एकच उत्तर आले. विश्वसनीयतेचा गुणांक, म्हणजे ती आकड्यात सांगणारे माप, इथे भरघोस येईल. आणि रात्री दिवे मालवल्यावर तीच आई पदराचा बोळा तोंडात धरून कण्हते. एकसारखे उत्तर म्हणजे खरे उत्तर असे नव्हे, हे इथे शिकावे. मात्र उलट बाजूही तितकीच खरी : जे साधन आज एक आणि उद्या दुसरे सांगते, त्यातून खरे कधी हाती लागायचे? विश्वसनीयता हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही, आणि उंबरठ्यावर उभे राहिले म्हणजे घर पाहिले असेही होत नाही.

विश्वसनीयता तपासण्याचा पहिला मार्ग म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारणे. निरोगी माणसांच्या सर्वेक्षणात हे सोपे असते. दोन आठवड्यांनी पुन्हा जायचे. कर्करोग पुढे गेलेल्या माणसाचे दोन आठवडे तेवढे स्थिर नसतात. लवकर विचारले तर मागचे उत्तर आठवते आणि माणूस तेच सांगतो. उशिरा विचारले तर दुखणेच बदललेले असते. अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडमंटन पद्धतीची जुळणी दोन दिवसांनी चांगली आढळली आणि आठवड्याने ती कमी झाली. हे साधनाचे अपयश मानायचे की आजाराची चाल? दोन्ही वाटा एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. त्या सोडवण्यासाठी चांगला अभ्यासक रुग्णाला आणखी एक साधा प्रश्न विचारतो : मधल्या काळात तुम्हाला काही फरक वाटला का? ज्यांना वाटला नाही, त्यांच्याच आकड्यांची तुलना तो करतो. पुनर्चाचणीचा कोणताही निष्कर्ष वाचताना या प्रश्नाचा शोध आधी घ्यावा.

दुसरा मार्ग, दोघांनी मोजणे. रुग्णाने एक आकडा द्यायचा आणि शेजारी उभ्या असलेल्याने स्वतंत्रपणे दुसरा. एडमंटनमध्येच झालेल्या १९९९ सालच्या एका अभ्यासात डॉक्टरांचे आकडे रुग्णांपेक्षा साधारणपणे कमी होते, तर परिचारिकांचे रुग्णांच्या आकड्यांच्या जवळ जाणारे. घरची माणसे पुष्कळदा उलट दिशेने चुकतात. त्यांचे स्वतःचे काळीज हललेले असते आणि आकडा वर जातो. त्यातही मळमळ-उलटीसारखी दिसणारी लक्षणे बाहेरच्याला बरी ओळखता येतात, उदासी आणि चिंता मात्र निसटतात.

इथे नवशिक्या अभ्यासकाची एक चूक हमखास होते, ती सांगून ठेवतो. तीन रुग्णांनी स्वतःचे दुखणे ४, ६, ८ असे सांगितले आणि डॉक्टरांनी त्याच तिघांना २, ४, ६ दिले असे समजा. सहसंबंध, म्हणजे दोघांचे आकडे किती सोबतीने वरखाली होतात याचे माप, काढला तर तो पूर्ण १ येतो. कागदावर वाहवा व्हावी असा निकाल! पण सहमती एकाही रुग्णाबाबत नाही, आणि डॉक्टरांच्या आकड्यावर मात्रा ठरली तर तिघांनाही औषध कमी पडणार. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली हाच मुद्दा लावून धरला : सहसंबंध वेगळा, सहमती वेगळी, दोन मापनांतला फरक स्वतंत्रपणे मांडून पाहा. कोणत्याही अहवालात फक्त सहसंबंध दिलेला दिसला, तर पुढचे पान उलटण्याआधी थांबावे.

तिसरा मार्ग अंतर्गत सुसंगतीचा. ली क्रॉनबॅक यांच्या १९५१ सालच्या लेखातला अल्फा हा गुणांक त्यासाठी वापरतात, आणि प्रबंधांमध्ये तो सर्वांत जास्त भेटतो, कारण एकाच वेळच्या माहितीवर तो काढता येतो. वर सांगितलेल्या २००० सालच्या अभ्यासात तो ०.७९ होता. पण तो काय विचारतो ते पाहा : पत्रकातले सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात का? गणिताच्या परीक्षेला हा प्रश्न शोभतो. लक्षणांचे तसे नसते. हाडात पसरलेल्या आजाराने एखाद्याला असह्य दुखते आणि मळमळ अजिबात नसते. दुसऱ्याचे पोट तुंबलेले असते, त्याला मळमळच मळमळ. दोघांच्याही पत्रकात दोष नाही. लक्षणे मिळून त्रास घडवतात. एकाच त्रासाची ती नऊ प्रतिबिंबे नव्हेत. म्हणून इथे अल्फा कमी आला तर साधन लगेच मोडीत काढू नये, आणि फार वर गेला तर तेच ते दोनदा विचारले नाही ना, हे पाहावे.

या तिन्ही मार्गांहून जवळची वाट भाषेतून जाते. एडमंटनच्या संशोधकांनी पुढे रुग्णांना पत्रक भरता भरता मनातला विचार मोठ्याने बोलायला सांगितले. तेव्हा कळले की थकवा आणि गुंगी यांत रुग्णांचा घोळ होतो, भुकेच्या रेघेवर शून्य कोणत्या टोकाला आहे हे उलगडत नाही, आणि प्रश्न आत्ताचा आहे की दिवसभराचा हे समजत नाही. त्यातून २०११ साली सुधारित पत्रक आले. त्यात 'आत्ता' हा काळ ठरला, कठीण शब्दांपुढे सोपे स्पष्टीकरण आले, आणि 'भूक'ऐवजी 'भूक न लागणे' विचारले जाऊ लागले, म्हणजे मोठा आकडा सगळीकडे त्रासाच्याच बाजूचा झाला.

काळाची मर्यादा साधनागणिक बदलते, हेही लक्षात असू द्यावे. १९९४ साली आलेले मेमोरियल लक्षण मूल्यमापन साधन बत्तीस लक्षणांबद्दल मागच्या आठवड्याचे विचारते, आणि लक्षण किती वेळा आले, किती तीव्र होते, त्याने किती हैराण केले, हे वेगवेगळे टिपते. आठवडाभराची आठवण आणि आत्ताची जाणीव ही दोन भिन्न मापने आहेत. एकाचा गुणांक दुसऱ्याला लावता येत नाही.

आता मराठीकडे वळू, कारण हे काम आपल्याला आपल्याच भाषेत करायचे आहे. आपल्याकडे दुखणे ठणकते, ठुसठुसते, सलते, चमकते. कळ येते, पेटके येतात, आग होते, रग लागते. या श्रीमंतीतून एकच 'दुखणे' निवडले की काही रुग्ण आगीला दुखणे म्हणतील, काही म्हणणार नाहीत, आणि तोच रुग्ण दोन दिवशी दोन प्रकारे उत्तर देईल. 'जीव घाबरा होतो' या वाक्यात कधी धाप असते, कधी चिंता, कधी पोटातून येणारे उमासे. तीन चौकटींपैकी ते कुठे टाकायचे? 'कंटाळा आलाय' म्हणजे थकवा, उदासी की या आजाराचाच वीट? 'विकनेस' हा शब्द तर घराघरांत पोचला आहे आणि त्यात सगळेच मावते. भाषांतर करून ते उलट इंग्रजीत नेऊन ताडून पाहण्याची पद्धत चांगली आहे, पण तेवढ्याने हे प्रश्न सुटत नाहीत. उलटे भाषांतर शब्दाची खात्री देते. रुग्णाला तो शब्द कसा लागतो, हे रुग्णाजवळ बसूनच कळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात युरोपीय कर्करोग संघटनेच्या जीवनमान प्रश्नावल्यांच्या हिंदी आणि मराठी रूपांची डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासणी झाली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. वऱ्हाड, कोकण, खानदेश, गोवा अशा बोलींच्या मुलखात या वाटेवर अजून खूप चालायचे आहे, आणि ते काम या भागांतल्या तरुण अभ्यासकांची वाट बघत आहे.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचे काय? स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी २००३ साली एक निरीक्षणपद्धती आली. श्वास, कण्हणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन बेरीज दहापर्यंत जाते. फार उपयोगी साधन आहे. पण त्यातला सहा आणि बोलत्या रुग्णाने दिलेला सहा ही एकाच मापातली धान्ये नव्हेत. एक वागण्याचा आकडा आहे, दुसरा जाणिवेचा. दोन्ही एकाच आलेखावर जोडले तर रेघ सुबक दिसेल आणि अर्थ हरवेल. नोंद कोणी केली हे आकड्याशेजारी लिहिणे, ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी सुधारणा आहे.

शेवटचा मुद्दा थोड्या गणिताचा आहे, आणि तो आपल्याला पुन्हा आजोबांच्या खाटेपाशी नेतो. कोणत्याही मापनात थोडी थरथर असते. समजा, एका गटात दुखण्याच्या आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा त्यांचा पसारा, २.५ आहे आणि साधनाचा विश्वसनीयता गुणांक ०.८४. एकातून ०.८४ वजा केले, उरलेल्या ०.१६ चे वर्गमूळ ०.४ घेतले आणि २.५ ने गुणले, की मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या थरथरीचे माप, १ येते. एका माणसाच्या दोन वेळच्या नोंदींतला फरक ९५ टक्के खात्रीने खरा म्हणायचा, तर तो सुमारे २.८ असावा लागतो. म्हणजे सातावरून सहावर येणे हे एकट्या रुग्णाच्या बाबतीत निव्वळ थरथर असू शकते. गुणांक ०.८४ म्हणजे पुष्कळ, असे मानणाऱ्याला हे गणित जमिनीवर आणते.

दुसरीकडे, रुग्णाला जाणवणारा सर्वांत लहान फरक केवढा, याचा शोध घेणारा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अनेक देशांतली केंद्रे त्यात होती आणि टाटा मेमोरियलच्या संशोधकांचाही सहभाग होता. एडमंटन पद्धतीवर एका अंकाचा फरकसुद्धा रुग्णांना अर्थपूर्ण वाटतो, असे त्यातून दिसले. गटाचा विचार करताना एक अंक बोलका आहे; एका माणसापुढे उभे असताना तोच अंक एकटा पुरत नाही. या दोन सत्यांच्या मधल्या जागेत रोजचा वॉर्ड चालतो.

मग त्या अभ्यासात एक अंक पुरेसा आहे हे ठरवले कशाच्या आधारावर? रुग्णांना विचारून : मागच्या वेळेपेक्षा बरे वाटते, तसेच आहे, की जास्त त्रास आहे? त्या उत्तराच्या खुंटीला सगळे आकडे टांगले गेले. आकड्याचा अर्थ अखेर रुग्णाच्या एका साध्या तुलनेने लावला. आणि आजोबा सकाळी नेमके तेच सांगत होते. "कालच्यापेक्षा चार आणे फरक आहे" हे चौकटीत न मावणारे उत्तर, चौकटीतल्या आकड्याची पारख करणारे माप आहे.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना एक विनंती आहे. विश्वसनीयता तपासताना संशय रुग्णाच्या शब्दावर घेऊ नये. संशय आपल्या विचारण्यावर घ्यावा : शब्द कोणता वापरला, वेळ कोणती होती, शेजारी कोण उभे होते, आकडा कोणी लिहिला. पत्रकाच्या तळाशी छापलेला गुणांक दुसऱ्या कुठल्या तरी वॉर्डातला, दुसऱ्या भाषेतला आणि दुसऱ्या माणसांचा असतो. आपल्या वॉर्डात विश्वसनीयता रोज नव्याने कमवावी लागते. भारतात मॉर्फिन या वेदनाशामक औषधाची वाट अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याने अवघड झाली आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती काहीशी मोकळी केली. औषध हाताशी येते तेव्हा ते कोणाला, किती आणि केव्हा, हे ठरवण्याची जबाबदारी त्या चौकटीवर अधिकच येते. तिथला आकडा चुकला तर कोणाची तरी रात्र चुकते.

ज्या रुग्णांनी आपल्या मोजक्या दिवसांतला वेळ काढून ही पत्रके भरली, एकदा भरून पुन्हा भरली, त्यांच्या नावाची नोंद कुठल्याही लेखात नसते. या विद्येचा पाया त्यांनी घातला आहे. त्यांचे ऋण फेडण्याचा एक मार्ग आहे. उद्या सकाळी खाटेशी थांबाल तेव्हा खुर्ची ओढून बसावे, आपल्या लोकांच्या शब्दांत विचारावे, चौकटीत आकडा लिहावा, आणि त्याच्या शेजारी ते वाक्यही जसेच्या तसे लिहून ठेवावे : रुपयात चार आणे फरक आहे.